आकारामला तंबी मिळाली

आमच्या आकारामनं चाळिशी ओलांडलीय. डोक्यावर केस राहिले न्हाईत, आटपाडीच्या अलीकडं डाळिंबाची बाग हाय, आणि पाण्याची मोटर चालू झाली न्हाई की तिला तो तमिळमधनं शिव्या घालतो. मोटर पण मेली अशी, तमिळ ऐकल्याशिवाय हलत न्हाई. मी त्याची चुलत बहीण, रेश्मा. मला कोरेगावला दिलीय. तिथं माझं शिलाईचं दुकान हाय, आणि माझं तोंड जरा तिखट हाय असं आमच्या घरची माणसं म्हणतात. म्हणू देत.

परवा घरच्या एका लग्नात, जेवणं झाल्यावर आकारामनं माईक हातात घेतला आणि लहानपणीची तंबीची गोष्ट सांगितली. अख्खा मांडव हसून हसून लोळला. पण ह्या शहाण्यानं गोष्ट निम्म्यात सोडली. लोक हसले तिथंच थांबला आणि मठ्ठा प्यायला निघून गेला. मला असला राग आला म्हणता! गोष्ट सांगायची तर पुरती सांगावी, न्हाईतर गुमान भात खावा. म्हणून आता मीच सांगते. मी तिथं होते आणि मला सगळं ध्यानात हाय.

आमच्या भागात गलाईवाले लय. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडं पाऊस पडला तर पडला, त्यामुळं एकेका घरातला माणूस हे काम शिकून उठला आणि कुठल्या कुठं गेला. कुणी केरळात, कुणी बंगालात. माझे धाकटे चुलते बापू आणि अंजनाकाकी तमिळनाडूत सेलमला गेले. आकाराम तिथंच जन्मला आणि तिथंच वाढला.

खाली बापूंचं दुकान आणि वर बिऱ्हाड. भट्टीचा धूर आणि तेजाबाचा वास जिन्यानं वर यायचा. आपल्याला त्या वासानं ठसका लागंल, पण आकारामला भूक लागायची, कारण दुपारची भट्टी थंड झाली की जेवायला बसायचे. दुकानातनं बाहेर पडताना लहानथोर सगळ्यांनी एका घमेल्यात हातपाय धुवायचे. ते पाणी फेकायचं न्हाई, कारण पायाला लागलेले सोन्याचे कण त्याच्या तळाशी बसतात. दुकानातला केर पण साठवायचा. अंजनाकाकी तर पोराचे केस पण घमेल्यावर वाकवून विंचरायची. शेजारची पोरं पाय धुवून पाणी खुशाल गटारात सोडायची, ते बघून आकारामला वाटायचं, काय उधळी माणसं हायत ही.

भाषेची तर नुसती खिचडी होती. घरात मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत तमिळ आणि छडी. अंजनाकाकी दिवसभर पोराच्या मागं "न्हाय, न्हाय, हात लावू न्हाय" करत असायची. आता तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रं. दुकानामागं राहणाऱ्या घरमालकिणीला वाटलं, ह्या बाईनं वर कुत्रं पाळलंय. वर्षभर तिनं ते दिसायची वाट बघितली. शेवटी जिना चढून आली आणि म्हणाली, कुत्रं ठेवायचं तर ठेवा, पण त्याला कवातरी खाली फिरवून तरी आणा. ही हकीकत काकी आमाला दर उन्हाळ्यात सांगायची आणि दर वेळी आमी नव्यानं हसायचो.

तर आकाराम चौथीत असताना काकीला परत दिवस गेले. तब्येत बरी नव्हती, झोपून राहायला सांगितलं होतं. बापूंनी मग पोराला उचललं आणि आमच्याकडं आणून सोडलं. पोराचं मराठी पण सुधारंल, असं माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना म्हणाले. आकाराम काय रडला न्हाई. एसटी सुटायच्या वक्ताला बापूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तंबी आला की तुला न्यायला येतो."

तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. सेलमच्या गल्लीत कुठल्याबी लहान पोराला तंबी म्हणायचे, म्हणून बापू-काकी पण तसंच म्हणायला लागलेले. आकारामला हा शब्द मराठी हाय का तमिळ, हे माहीत असायचं कारण न्हाई. त्याच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच डब्यात भरलेल्या होत्या. त्यानं एवढंच धरून ठेवलं की तंबी आला म्हणजे आपण घरी चाललो. रात्री माझ्याच वाकळंत झोपायचा, आणि झोपताना रोज मला विचारायचा, "अक्का, तंबी आला असंल का?" मी म्हणायचे, झोप.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ह्या डब्यातला पहिला घोटाळा बाहेर आला. माझी आई, हरणाबाई, तिनं मायेनं विचारलं, बाळा, सकाळी काय पितोस तू? तो म्हणाला, पाल. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिनं परत विचारलं. तो म्हणाला, "पाल. आई रोज गरम करून देती. साखर घालून." आणि बिचाऱ्यानं वर हे पण सांगितलं की रात्री झोपताना एक पेला अजून मिळतो, आणि पाहुणे आले तर पाल जास्त आणावी लागती.

तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, हे आमाला कुठलं ठाऊक. आई भिंतीवरच्या पालीकडं बघायला लागली आणि पाल आईकडं. अंजनाकाकीच्या सैपाकावर आईचा आधीपासनंच भरवसा नव्हता. तिनं आकारामला पोटाशी धरलं आणि डोळ्याला पदर लावला. दोन दिवस तिनं त्याला कसला कसला काढा पाजला. शेवटी म्हशीची धार काढताना आकारामच चरवीत बोट बुडवून म्हणाला, ही बघा पाल, तवा कुठं उलगडा झाला. काढा मात्र पोटात गेला तो गेलाच.

पण खरा गोंधळ शाळेत झाला. मी पण त्याच शाळेत, त्याच्या पुढच्या वर्गात होते. आमच्याकडं पाण्याचा टँकर यायचा. शाळेत पिण्याच्या पाण्याचं एक मोठं पिंप होतं, आणि त्यातलं पाणी मास्तरांच्या परवानगीनं मिळायचं, इतकी त्याची काळजी. एकदा मधल्या सुट्टीत पोरं धुळीत लोळून आली. आकारामच्या जिवाला काय ते बघवंना. एवढ्या पोरांच्या पायाला एवढी माती, आणि हे गाढवासारखे पाय झटकून वर्गात चाललेत. त्यानं सगळ्यांना थांबवलं आणि समजावून सांगितलं की असे पाय पाण्यात धुतले की खाली सोनं बसतं, आमच्या घरी रोज बसतं. सोनं म्हटल्यावर कोण ऐकतंय. अख्ख्या चौथीनं स्टूल लावून एकेक करून पिंपात पाय बुडवले. चौथी झाली, तिसरी आली. आकाराम बाजूला उभा राहून सांगत होता, ढवळू नका रं, खाली बसू द्या.

सुट्टी संपल्यावर आमचे लालासाहेब गुरुजी आले. उन्हाचे चालत आले होते. त्यांनी पिंपातनं तांब्या भरला, घटाघटा प्यायले, आणि मग म्हणाले की आज पाण्याला कायतरी वेगळी चव हाय.

गुरुजी म्हणजे सज्जन माणूस. छडी जवळ ठेवायचे, पण ती फळा दाखवायला. त्या दिवशी मात्र ते असे लाल झाले की आमाला वाटलं आता फुटतात. आकारामला समोर उभं करून त्यांनी चांगलं अर्धा तास झापलं, पण त्या पुस्तकी मराठीतलं निम्मं त्याच्या डोक्यावरनं गेलं. संध्याकाळी गुरुजींना रस्त्यात अण्णा भेटले. आकाराम आणि मी अण्णांच्या मागंच होतो. गुरुजी म्हणाले, "तुमच्या आकारामला आज मी तंबी दिलीय. सध्या एकच दिलीय. गरज पडली तर आणखी देईन."

आकाराम जागच्या जागी थिजला. मग त्यानं दप्तर टाकलं, पळत जाऊन गुरुजींच्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि सोडीचना. "एकच बास, गुरुजी," म्हणाला, "एकच बास." गुरुजींचा राग कुठल्या कुठं पळाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पस्तावा त्यांनी बघितला नव्हता. डोक्यावरनं हात फिरवून म्हणाले, पोर मनानं चांगलं हाय. आकारामनं त्यांना हळूच विचारलं, आईजवळ हाय का? गुरुजींना वाटलं, आईला कळवलं का असं विचारतोय. ते म्हणाले, न्हाई, आईपर्यंत कशाला न्यायचं, माझ्याजवळच राहू दे. हे काय त्याला नीट कळलं न्हाई, पण गुरुजी मोठा माणूस, पोचवतील, असं त्यानं धरलं.

पळत घरी आला आणि माझ्या आईचा साखरेचा डबा उचलला. आई देवळात गेली होती, न्हाईतर तिथंच थांबला असता. दारोदार जाऊन पोरगं चिमूट चिमूट साखर हातावर ठेवायला लागलं. कसली रं साखर, असं कुणी विचारलं की गुरुजींच्याच शब्दांत म्हणायचं, "मला तंबी मिळाली! गुरुजींनी दिली!"

गावाला काय, फुकटची साखर आणि वर करमणूक. एक म्हातारा म्हणाला, आमाला जलमभर नुसत्या तंब्याच मिळाल्या, पण साखर वाटायचं सुचलं न्हाई बघ. दुसरा म्हणाला, मद्रासकडं अशीच रीत असंल. कुणाच्या डोक्यात आलं न्हाई की ह्या पोराला तंबी म्हणजे नक्की काय वाटतंय ते विचारावं. मला पण न्हाई आलं. मला ते म्हैस बांधताना आठवलं. रोज रात्री विचारतंय तो तंबी! मी तशीच पळत सुटले, पण तोपर्यंत आकाराम घरात नव्हता. त्याची पिशवी पण नव्हती.

तो स्टँडवर बसला होता. स्टँड म्हणजे चिंचेखालचा कट्टा. पिशवी मांडीवर, केस पाणी लावून चापून बसवलेले. बापू संध्याकाळच्या गाडीनं येणार, म्हणून बसलेला. मी त्याच्याजवळ गेले, तोंड उघडलं, आणि मला सांगताच येईना. इतका खूश होता तो. मी पण माठासारखी शेजारी बसून राहिले. गाडी आली. बापू उतरले न्हाईत. आकाराम म्हणाला, लांबनं यायचंय, उद्या येतील.

सकाळी शाळेत वेगळीच तऱ्हा. तंबी मिळाली की साखर वाटतात, एवढं पोरांना कळलेलं. प्रार्थना झाली आणि तिसरीतली पोरं गुरुजींच्या टेबलापुढं ओळ लावून उभी. आमाला बी तंबी द्या. एकजण म्हणालं, माझ्या भावाला पण द्या, तो आजारी हाय म्हणून आला न्हाई. गुरुजींना वाटलं पोरं आपली टिंगल करायला लागली. त्यांनी छडी उचलली, आणि मग मीच पुढं झाले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ, बापूंनी तंबी आला की न्यायला येतो म्हटलंय, आणि तो कालपासनं पिशवी भरून बसलाय. आज शाळेला पण आला न्हाई, तो स्टँडवर हाय.

गुरुजी खुर्चीत बसले. मग म्हणाले, अरेरे, अरेरे, हे काय झालं. शाळा दुसऱ्या मास्तरांवर सोपवून त्यांनी लुना काढली. मी मागनं चढले. स्टँडवरनं आकारामला पुढं घेतला, पिशवीसकट. गुरुजी त्याला सांगायला म्हणून दोनदा थांबले आणि दोन्हीदा नुसताच घसा साफ करून लुना पुढं मारली. चढाला आमी उतरून ढकलत होतो. आकारामला वाटत होतं, गुरुजी तंबी दाखवायलाच चाललेत. ढकलताना पण हसत होता.

आटपाडीत एसटीडी बूथ होता. काचेची खोली, आत एक माणूस मावंल एवढी, त्यात गुरुजी आणि आकाराम शिरले. मी बाहेर काचेला नाक लावून. बापूंच्या दुकानासमोर सराफाचं दुकान होतं, शाळेच्या रजिस्टरात लिहिलेला त्यांचा नंबर गुरुजींनी लावला. कुणीतरी बापूंना बोलवून आणलं. तवा फोनवर सगळे ओरडूनच बोलायचे, त्यामुळं सेलमचे बापू मला बाहेरपर्यंत ऐकू येत होते.

गुरुजींनी आधी ख्यालीखुशाली विचारली. मग हळू आवाजात विचारलं, घरात बाळंतपण कवा हाय. बापू म्हणाले, "झालं की, गुरुजी. मागल्याच पंधरवड्यात झालं. पोरगी झाली."

"मग कळवलं न्हाई?"

"पोरगी झाली, त्यात कळवायचं काय. तंबी झाला असता तर कळवलं असतं. पोराला राहू दे की तिकडंच. वर्ष पुरं होऊ दे."

मला एकदम कानफटात बसल्यासारखं झालं. मी पण पोरगीच होते की. गुरुजींनी आकारामकडं बघितलं. त्यानं सगळं ऐकलेलं होतं. त्याचा चेहरा बघून मला वाटलं आता हा भोकाड पसरतोय, आणि मी आत शिरायला दार ओढायला लागले. ते दार ढकलायचं होतं.

आकारामनं गुरुजींच्या हातनं फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"बापू, तंगच्ची झाली?"

तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. बापू व्हय म्हणाले. आकाराम विचार करत होता. असा कपाळाला आठ्या घालून, म्हाताऱ्या माणसासारखा.

"गुरुजींनी मला तंबी दिला होता," तो म्हणाला. "तुमी तंगच्ची आणली. असू दे. मी बदलून मागणार न्हाई. मला न्यायला या."

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला, पण त्या खोलीत कोपर हलवायला जागा नव्हती, तो खालीच पडला. मग बापू बोलले, पण आता ओरडून न्हाई, त्यामुळं काय ते मला ऐकू आलं न्हाई. आकारामनं "बरं" म्हटलं. परत "बरं" म्हटलं. मग गुरुजींनी फोन घेतला आणि बापूंना एवढंच सांगितलं की इकडं साखर वाटून झालीय, आता ती काय गोळा करता येत न्हाई, तवा तुमी पोराला घेऊन जा आणि बारसं झोकात करा.

बापू चार-पाच दिवसांनी आले. गाडीतनं उतरले तसं आकारामनं आधी त्यांच्या मागं बघितलं, मग म्हणाला, कुठाय? बापू म्हणाले, अरे, बाळंतीण अशी कशी प्रवासाला येईल. आणि मग त्यांनी दोन्ही हात पुढं करून एवढी एवढी हाय म्हणून दाखवलं. आकारामनं त्यांच्या हातांमधली ती जागा नीट बघून घेतली.

आमी सगळे सोडायला स्टँडवर गेलो होतो. गुरुजी पण आले होते. आईनं साखरेचा नवा पुडा आकारामच्या पिशवीत घातला, सेलमला वाट म्हणाली. गाडी आली आणि तो चढला. खिडकीत बसला, पण बापूंकडं तोंड करून, ती रडती कशी, झोपती कशी, हे विचारत. माझ्याकडं बघितलं न्हाई. इतके महिने माझ्या वाकळंत झोपला, माझी निम्मी भाकरी खाल्ली, आणि साधा हात हलवला न्हाई मेल्यानं. गाडी सुटली. मी तिथंच रडायला लागले.

अण्णा आणि गुरुजी बोलत पुढं गेले. आई आणि मी मागनं चाललो होतो. आईला वाटलं मी आकारामसाठी रडतीय, आणि ते खरं पण होतं. पण मला फोनपासनं एक विचारायचं होतं, ते मी तवा विचारलं. "आई, मी झाले तवा साखर वाटली होती का?"

आई पुढं बघून बरीच चालली. ओढा आला, ओढा ओलांडला.

"न्हाई वाटली," म्हणाली. "वाटायला पायजे होती गं."

मग तिनं माझा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला न्हाई.